सामान्यांच्या ठेवीचे विश्वस्त : चिंतामणराव देशमुख

दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गावर दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे एक स्थानक आहे. लोदी उद्यानालगतच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये चिंतामणराव देशमुखांच्या नावाचे सभागृह आहे. राजधानीत वाढलेल्या मराठी मुलांच्या कानांवर या दांपत्याचे नाव पडते ते बहुधा या दोन ठिकाणी. पण चिंतामणरावांचे स्मरण व्हावे असा खरा प्रसंग निराळाच आहे. शिक्षण आटोपून घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागते, पहिला पगार खात्यात जमा होतो आणि त्याच दिवसापासून प्रश्नांची रांग लागते. पैसे कोठे ठेवावेत, विमा आताच उतरवावा की पुढे, हप्त्यांवर दुचाकी घ्यावी का, मित्राने सुचविलेल्या झटपट लाभाच्या योजनेत चार पैसे टाकावेत का? अशा वेळी वडीलधारी मंडळी ज्या दोन-तीन संस्थांची नावे निःशंकपणे घेतात, त्या संस्थांच्या उभारणीत या एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. नव्या मिळवत्या पिढीने म्हणूनच त्यांचे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे.

१४ जानेवारी १८९६ रोजी, मकर संक्रांतीच्या सुमारास, किल्ले रायगडच्या परिसरातील नाते या गावी चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. आईचे नाव भागीरथीबाई. घर विद्येची चाड असणारे होते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेला बसले. त्या काळी मुंबई विद्यापीठाची ही परीक्षा म्हणजे साऱ्या इलाख्यातील मुलांची कसोटी असे. चिंतामणराव तीत पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. मराठी मध्यमवर्गीय घरांत या शिष्यवृत्तीचे नाव पुढे कित्येक दशके केवढ्या आदराने घेतले जाई, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. ती मिळवून संस्कृताचा पंडित होण्याऐवजी हा मुलगा केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान शिकावयास गेला. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे त्याचे विषय. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्याने पटकाविले. दुसऱ्याच वर्षी लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत तो पहिला आला.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पुढे देशाची तिजोरी सांभाळणाऱ्या या माणसाने विद्यार्थिदशेत अर्थशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. कोणत्या शाखेला गेले म्हणजे आयुष्याचे कल्याण होते, या विवंचनेत आजचे पालक रात्री जागवितात. चिंतामणरावांचा पाया संस्कृत व्याकरणाचा आणि वनस्पतींच्या वर्गीकरणाचा. नेमकेपणा, धीर आणि तपशिलाविषयीचा आदर या दोन्ही अभ्यासांनी दिला. आकडे त्यांनी नोकरीत शिकून घेतले.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरच्या दिवसांतील एक हकिगत मराठी घरांतून सांगितली जाते. चिरोल खटल्यासाठी लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. हाती आलेली सनदी नोकरी सोडून देशकार्यात पडावे का, असे या तरुणाने त्यांना विचारले. नोकरी सोडू नये, राज्यकारभार शिकून घ्यावा, स्वराज्य आल्यावर त्या अनुभवाची गरज पडेल, असा सल्ला लोकमान्यांनी दिला. सरकारशी जन्मभर झुंजणाऱ्या माणसाकडून अशा सल्ल्याची कोणी अपेक्षा केली नसती. स्वराज्याला तेव्हा जवळजवळ तीन दशकांचा अवकाश होता, आणि तेवढा काळ चिंतामणरावांनी शिकण्यात घालविला.

मध्यप्रांत व वऱ्हाड हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. महसूल, जमाबंदी आणि पुढे प्रांताचे वित्त अशी कामे त्यांनी केली. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. १९३५ च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशांची वाटणी ठरविण्यासाठी सर ऑटो निमायर यांची चौकशी झाली, तेव्हा मध्यप्रांताची बाजू मांडणारे त्यांचे निवेदन वाखाणले गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी शेतसारा, कर्ज आणि पीक यांचे गणित रोज डोळ्यांसमोर असे. पावसाने ओढ दिली की सावकाराची वही कशी फुगते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. प्रथम सरकार व बँक यांच्यातील दुवा म्हणून, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव आणि १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर एका भारतीय गव्हर्नराची सही प्रथमच उमटली ती त्यांची.

तो काळ मात्र मिरविण्याचा नव्हता. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती आणि युद्धाने भाव भडकले होते. ब्रिटिश सरकार भारतात माल खरेदी करी, त्याचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या तारणावर इकडे नोटा छापल्या जात. कागदोपत्री भारत धनको होत चालला होता. इकडे पगारदार आणि मजूर यांच्या हातातील रुपयात येणारे धान्य महिन्यागणिक घटत होते. पैसे साठविणे वेगळे आणि साठविलेल्या पैशाचे मोल टिकणे वेगळे, हा धडा त्या पिढीने उपाशीपोटी गिरविला. नव्याने कमावू लागलेल्या तरुणाला आज महागाईचा दर हा शब्द वृत्तपत्रात दिसतो आणि तो पान उलटतो. वास्तविक त्याच्या बचतीचा सर्वांत मोठा गुपचूप भागीदार तोच असतो. खात्यात नुसती पडून राहणारी रक्कम आकड्याने तेवढीच राहिली, तरी मोलाने कमी होत जाते.

१९४४ च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घालणारी परिषद भरली. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते, तसेच मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफही होते. लंडनमध्ये अडकलेल्या स्टर्लिंग शिलकीचा आणि गरीब देशांच्या विकासाचा प्रश्न भारतीयांनी तेथे नेटाने मांडला. देश अजून परतंत्र होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मांडणीचे मोल कळते.

फाळणीत बँकेचीही मालमत्ता विभागली गेली. जून १९४८ अखेरपर्यंत एकच रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे काम पाहत होती. १ जानेवारी १९४९ रोजी भागधारकांची ही बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. सामान्य ठेवीदाराच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व सर्वाधिक. युद्धकाळात कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे लहान लहान बँका उगवल्या होत्या आणि त्यांतील कितीतरी ठेवीदारांचे पैसे घेऊन बुडाल्या होत्या. यापुढे बँक चालविण्यास परवाना लागणार होता आणि रिझर्व्ह बँकेला तिची दप्तरे तपासता येणार होती. बुडणे तेवढ्याने थांबले नाही. १९६० मध्ये केरळातील पालई सेंट्रल बँक कोसळली, त्यातून ठेवींना विम्याचे संरक्षण देण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून तशी योजना सुरू झाली. तेव्हा प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला हमी होती. ती आता ५ लाखांपर्यंत आहे. ती बँकांतील ठेवींपुरती असते, खाजगी भिशीला किंवा चढ्या व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या मंडळींना नसते. पहिली ठेव ठेवण्यापूर्वी एवढे तरी घरी मुलांना सांगितले पाहिजे.

जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यानंतर १९५० च्या जूनमध्ये चिंतामणराव अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीत पार पडली. अर्थसंकल्पाची कागदपत्रे इंग्रजीबरोबर हिंदीतून निघू लागली तीही १९५५ पासून, त्यांच्याच वेळी. पण या सहा वर्षांतील दोन कामे प्रत्येक घराच्या उंबऱ्याच्या आत पोहोचली.

पहिले काम कर्जाचे आणि बँकेच्या शाखेचे. रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करविली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या समितीत होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकरी कुटुंबांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी होता. मध्यप्रांतात ज्याने वीस वर्षे काढली त्याला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. तिने ते पाळले. तिचे पहिले अध्यक्ष झाले ते जॉन मथाई, ज्यांच्या जागी चिंतामणराव अर्थमंत्री झाले होते. मतभेदाने सरकारबाहेर पडलेल्या माणसाला असे पद मिळणे आज जरा नवलाचेच वाटेल.

सावकाराची ती वही आता तरुणांच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसली आहे. दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप व्याज मोठ्या अक्षरांत छापत नाहीत, आणि वसुलीची त्यांची पद्धत जुन्या सावकारालाही लाजविणारी असते. गोरवाला समितीने मांडलेला प्रश्न होता तो हाच, की अडलेल्या माणसाला रीतसर, वाजवी व्याजाचे दार जवळ आहे की नाही. दार जवळ असूनही आडवाटेला जाणे हा पुढचा, निराळा प्रश्न.

दुसरे काम आयुर्विम्याचे, आणि ते अधिक धाडसाचे. विमा म्हणजे वीस-तीस वर्षांनंतर पाळावयाचे वचन. पंचविशीतील माणूस दरमहा हप्ता भरतो तो आपल्या पश्चात घर उघडे पडू नये म्हणून. वचन देणारा तीस वर्षे टिकला नाही तर हप्त्यांना काहीच अर्थ उरत नाही. त्या काळी ही शक्यता केवळ तर्कातली नव्हती. आधीच्या दशकात २५ विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या आणि आणखी तेवढ्यांची अवस्था इतकी खालावली की त्यांचा कारभार तोट्यात दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. काही उद्योगपती विमेदारांचा पैसा आपल्या धंद्यासाठी वापरीत होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोझ गांधींनी लोकसभेत हा विषय लावून धरला. बातमी आधी फुटली असती तर कंपन्यांच्या तिजोऱ्या रातोरात रिकाम्या झाल्या असत्या. म्हणून सारी तयारी अत्यंत गुप्तपणे झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच संध्याकाळी आकाशवाणीवरून चिंतामणरावांनी देशाला सांगितले की आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला आहे. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था, अशा एकूण २४५ संस्थांचा व्यवसाय एका छत्राखाली आला. पुढे संसदेने केलेल्या कायद्यात विम्याच्या रकमेला केंद्र सरकारची हमी देण्यात आली.

सगळ्यांना ते पटले नाही. ब्रेटन वुड्सला खांद्याला खांदा लावून बसलेले ए. डी. श्रॉफ स्वतः एका मोठ्या विमा कंपनीचे अध्यक्ष होते. नेकीने चालणाऱ्या कंपन्यांना लबाडांबरोबर एकाच दावणीला बांधले गेले, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती, आणि त्याच वर्षी त्यांनी मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणारी संस्था उभारली. सरकारच्या हाती पैसा गेला म्हणजे तो आपोआप सुरक्षित झाला असेही नाही. दोनच वर्षांत मुंदडा प्रकरण उघडकीस आले. महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये संशयास्पद शेअर्समध्ये गुंतविले गेल्याचे न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीत दिसले आणि तेव्हाच्या अर्थमंत्र्यांना जावे लागले. चिंतामणराव तोवर सत्तेबाहेर होते. १९५९ मध्ये त्यांनी सत्तास्थानांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारे कायम न्यायमंडळ असावे अशी जाहीर सूचना केली. सरकारने ती मानली नाही. लोकांच्या पैशाला भक्कम तिजोरी जशी लागते तसा हिशेब विचारणाराही लागतो, हे त्यांना त्या वेळीच दिसले होते.

ते सत्तेबाहेर कसे पडले, ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असते, पण तिचा क्रम सहसा ध्यानात नसतो. विम्याचा वटहुकूम निघाला त्याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाने मुंबई पेटली होती. गोळीबारात माणसे मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी व्हावी असा चिंतामणरावांचा आग्रह होता. ती झाली नाही. जूनमध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली. मंत्रिमंडळाशी रीतसर विचारविनिमय न करता असे निर्णय होतात, हे त्यांचे दुसरे दुखणे होते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत आपली कारणे स्पष्ट शब्दांत मांडली. सभागृहात त्यांच्या समोर पंडित नेहरू होते, ज्यांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि ज्यांनी तीन वर्षांपूर्वी त्यांच्या व दुर्गाबाईंच्या विवाहाला साक्षीदार म्हणून सही केली होती.

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळाचे काम सुरू झाले, तेव्हा ते घडविणारा अर्थमंत्री त्या खुर्चीत नव्हता.

वयाच्या साठीत देशातील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे पद असे सोडता येते ते कशाच्या बळावर? नोकरी हेच ज्याचे सर्वस्व, तो पदाला चिकटून राहतो. त्याचा दोष म्हणण्यापेक्षा ती त्याची अगतिकता असते. चिंतामणरावांपाशी करण्यासारखे पुष्कळ होते. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले, संस्कृतात कविता लिहिल्या, केंब्रिजमध्ये जडलेले झाडांचे वेड बागकामात जपले. दुर्गाबाईंचाही संसारात मोठा आधार होता. घटना समितीच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष असलेल्या या आंध्रकन्येने बालविवाहातून बाहेर पडून, शिकून, वकील होऊन स्वतःचे आयुष्य उभारले होते.

राजीनाम्यानंतर दिल्लीनेच त्यांना ठेवून घेतले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होते. १९५९ मध्ये शासनसेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जोसेफ स्टाइन यांनी रचलेली इंडिया इंटरनॅशनल सेंटरची देखणी वास्तू १९६२ मध्ये खुली झाली. त्या संस्थेचे ते संस्थापक अध्यक्ष. त्याच वर्षी ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ पर्यंत राहिले.

त्यांच्या कुलगुरूपदाचे पहिलेच वर्ष एका वेगळ्या कामासाठी लक्षात राहण्याजोगे आहे. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण देणारी शाखा काढली; देशातील असा हा पहिला प्रयोग. आरंभी केवळ बी.ए.चा अभ्यासक्रम होता आणि विद्यार्थी सुमारे ९०० होते. कारकुनी करणारे, दुकानात उभे राहणारे, घरातील जबाबदारीमुळे महाविद्यालय सोडावे लागलेले तरुण, आणि संसारात अडकलेल्या मुली, यांच्या घरी टपालाने धडे जाऊ लागले. मॅट्रिक होऊन सरकारी कचेरीत चिकटलेल्या माणसाला दिवसभर खर्डेघाशी करून रात्री पदवीचा अभ्यास करणे शक्य झाले. पदवी हाती आली की बढतीच्या परीक्षेला बसता येई, पगार वाढे, धाकट्या भावंडांचे शिक्षण मार्गी लागे. बचतीचे सारे सल्ले कमाई असलेल्यांसाठी असतात. कमाई वाढविण्याचे हे साधन ज्यांच्या खिशात फार काही नव्हते त्यांच्यासाठी होते. मुक्त शिक्षण शाखा या नावाने ते कार्य आज फार मोठ्या प्रमाणावर चालते.

१९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर आले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याआधीच्या वर्षी त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. अखेरचा काळ हैदराबादेत गेला, जेथे दुर्गाबाईंच्या आंध्र महिला सभेचे काम होते. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी तेथेच चिंतामणरावांचे देहावसान झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.